लाल फुलीचा गनिमी कावा

भोरच्या कोर्टात वकिली करायला मी उभा राहिलो तेव्हा माझ्याकडे एक काळा कोट होता, एक जुनी स्कूटर होती आणि भोर-वेल्हे दोन्ही तालुक्यांत मिळून कुणाच्याही काडीच्या उपयोगाचं नाही असं ज्ञान होतं. पुण्याला एलएल.एम. करताना मी आंतरराष्ट्रीय कायदा घेतला होता. प्रबंधाचा विषय तर असा निवडला होता की नुसता उच्चारला तरी माझी मलाच ऐट वाटायची: माहितीयुद्धाला आंतरराष्ट्रीय कायदा लागू करता येईल काय?

म्हणजे असं बघा. बंदुकीनं लढताना काय करायचं नाही ह्याचे नियम जगानं लिहून ठेवलेत. पण कुणी बंदूक बाजूला ठेवली आणि खोट्या बातमीनं लढला, रेडिओवरून नाहीतर कॉम्प्युटरवरून समोरच्या माणसांची डोकी फिरवली, तर त्याला ते नियम लागतात की नाही? नव्वदच्या दशकाच्या शेवटी जगातली मोठमोठी माणसं ह्यावर भांडत होती, आणि त्यांच्या भांडणात मीही भोरहून सामील झालो होतो. त्यांना ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

आमच्या बार रूममध्ये बांधाचे, वहिवाटीचे आणि भाऊवाटपाचे दावे. तिथं माझं बारसं पहिल्याच आठवड्यात झालं. एक ज्येष्ठ वकील रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, "काय आंतरराष्ट्रीय, आज कुठल्या देशाची तारीख?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच सांगायचे, "आंबवड्याच्या एका देशानं दुसऱ्या देशाचा बांध कोरलाय. जा, मोजणी करून या."

माझ्या ज्ञानाचा अभिमान फक्त एका माणसाला होता. माझी आत्या. वेल्ह्याच्या रस्त्याला, मार्गासनीच्या पुढं तिचं गाव. तिच्या घरात ओसरीवर शिलाई मशीन होतं आणि अख्ख्या गावाची पोलकी तिच्या हाताखालून जायची. माप घेता घेता ती बायकांना सांगायची, "आमचा भाचा फॉरेनची भांडणं मिटवतो." एखादी खट बाई म्हणायचीच, "मग आमच्या जावेचं बघा म्हणावं."

तर ह्या आत्याची ही गोष्ट आहे. ती सांगताना आजही माझं रक्त उकळतं, आणि सांगतानाच हसूही येतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आत्याच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. बायकांच्या राखीव जागेवर आत्याला उभी केली गावातल्या पुढाऱ्यानं. त्याचं किराणा दुकान होतं, दोन टेम्पो होते आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकायची सवय होती. त्याच्या विरोधात होती गावातली वरची आळी, सगळीच्या सगळी. आता मेख अशी की गावठाणातल्या शाळेचे पत्रे वादळात उडाले होते, म्हणून मतदान ठेवलं होतं ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या शाळेत. मत द्यायचं तर सगळ्या गावाला, वरच्या आळीलाही, ओढा ओलांडून वाडीत जायलाच हवं.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी आत्याकडं जेवायला गेलो होतो. प्रचार संपलेला. भोंगे बंद. गाव कसं सुन्न झालं होतं. आत्या भाकरी थापत होती आणि मी ओसरीवर बसून तिच्या निवडणुकीचं भविष्य सांगत होतो. तेवढ्यात रिक्षा आली. पुढं पांढरं कापड ताणून बांधलेलं, त्यावर लाल फुली, दवाखान्याची असते ना तशी. वर भोंगा. आणि भोंग्यातून चाचांचा आवाज.

चाचा म्हणजे भोरचे लाउडस्पीकरवाले. जत्रा, कुस्त्या, लग्न, पोलिओचे डोस, कुणाची हरवलेली म्हैस, सगळं दोन्ही तालुके त्यांच्याच तोंडून ऐकायचे. बोलण्याआधी ते दोनदा खाकरायचे आणि त्या खाकरण्यावरच लोक हातातलं काम थांबवायचे. आताही ते खाकरले आणि म्हणाले, "ग्रामस्थांना कळवण्यात येतं की वाडीत गॅस्ट्रोची साथ सुरू झालेली आहे. म्हाताऱ्या माणसांनी, गरोदर बायांनी आणि लेकरंबाळं घेऊन कुणीही ओढा ओलांडू नये."

समोरच्या वरच्या आळीत हाका सुरू झाल्या. कुणी दारातून पोरांना आत ओढलं, कुणी ओढ्याकडं निघालेल्या सासूला परत बोलावलं. मी उठून उभा राहिलो. आत्या मात्र भाकरी थापत राहिली. तिचा हात क्षणभरसुद्धा थांबला नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. उमेदवार आहे, मन घट्ट केलं असेल, असं मी समजलो. वकील असून.

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीची निम्मी माणसं घराबाहेर पडली नाहीत. पुढाऱ्याची माणसं मात्र आजीपणजीसकट, लेकरं कडेवर घेऊन, हसतखेळत ओढा ओलांडून मत देऊन आली. वाडीत साथ नव्हतीच. एकाचंही पोट बिघडलेलं नव्हतं. पुढाऱ्याचं पॅनेल थोडक्यात निवडून आलं आणि आत्या ग्रामपंचायतीची सदस्य झाली.

मी चाचांना भोरात गाठलं. ते आधीच पेटलेले होते. "वकीलसाहेब, मी त्या दिवशी नसरापूरला लग्नात हुतो. ती कॅसेट मागल्या सालची हाय! तवा वाडीत खरंच साथ हुती, दवाखान्यासाठी म्या भरून दिल्याली. प्रचाराला पुढाऱ्याच्या माणसांनी सेट भाड्यानं नेला, पेटीत ती कॅसेट ऱ्हायली. रिक्षा भलत्याचीच, अन् आवाज माझा!"

 त्या कॅसेटमधला एकही शब्द खोटा नव्हता. सगळा खरा होता, फक्त मागच्या वर्षीचा. आणि प्रचार बंद झाल्यावर गावात कुणाची गाडी फिरू शकते? फक्त दवाखान्याची. लाल फुली बघितली की कार्यकर्तेही अडवत नाहीत आणि पोलीसही. अहो, माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण, दवाखान्याच्या खुणेआडून केलेला दगा, रिक्षात बसून आत्याच्या दारावरून गेलं होतं!

गुलालानं माखलेल्या पुढाऱ्यासमोर मी जाऊन उभा राहिलो. त्यानं खांद्यावर हात टाकला. लांब ढगात तोरणा दिसत होता, तिकडं बोट करून म्हणाला, "वकील, ही माती कुणाची हाय? गनिमी कावा हितं जन्मला. अन् तुमी आमास्नी फॉरेनचा कायदा शिकीवता व्हय?"

इथं माझा जो संताप झाला तो आजपर्यंत उतरलेला नाही. कायदा मोडल्याचा राग होताच, पण ह्या माणसानं गनिमी काव्याची अब्रू घेतली होती. मी म्हणालो, "थांबा! कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधले आणि शत्रू पलित्यांमागं पळाला. त्याला म्हणतात कावा. तो जगाच्या कायद्यालाही मान्य आहे. शत्रूला हवं तेवढं चकवा, खोट्या हालचाली दाखवा, खोटी बातमी पेरा. पण त्या बैलांवर कुणी वैद्याची झोळी टाकली नव्हती! दवाखान्याची खूण लावून फसवायचं नाही. जगातल्या भांडखोर देशांनीसुद्धा एवढं कबूल केलंय. का केलंय? कारण एकदा ती खूण खोटी ठरली, की उद्या खरा डॉक्टर आला तरी लोक त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत."

"उद्याचं उद्या बघू," पुढारी म्हणाला आणि त्यानं माझ्या काळ्या कोटावर गुलालाची मूठ उधळली. तो कोट दोनदा धुतला. डाग गेला नाही.

मग मी तहसील कचेरीत अर्ज दिला. पानंच्या पानं लिहिली होती. अव्वल कारकुनानं ती चष्मा वर करून वाचली आणि मधेच थांबला.

"हे काय? जिनिव्हा करार?"

"हो."

"करार आहे तर मुद्रांक कुठाय?"

 त्यानं सहानुभूतीनं अर्ज परत दिला. "वकीलसाहेब, निवडणुकीचं भांडण असंल तर कोर्टात जा. मतदारानं नायतर उमेदवारानं दावा लावायचा. मुदतीत. बाहेरच्या माणसाचं काम न्हाई हे."

हा कारकून बरोबर होता, हे सांगताना आजही मला त्रास होतो. मी वरच्या आळीत गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्याला हात जोडले, म्हटलं दावा लावा, फी घेत नाही. तो बिडी विझवून म्हणाला, "कोर्टात काय सांगू रं? गड चढणारी माणसं आमी, जुलाबाला भ्यालो म्हणून मत टाकाय गेलो न्हाई? साऱ्या तालुक्यात नाक कापून घिऊ?" बायकाही हसल्या, तोंडाला पदर लावून, पण डोळ्यांत अपमान होता. मुदत टळली. पुढारी सरपंच झाला.

आत्याला मी म्हटलं, "तू त्या माणसाच्या पॅनेलवर राहतेस कशी?" ती मशीनवर वाकून म्हणाली, "सुईत दोरा ओवून दे. मला आता दिसत न्हाई." मी ओवून दिला.

पावसाळ्यात ओढा फुगला आणि गावाच्या विहिरीत पाणी शिरलं. तपासणीत विहिरीचं पाणी खराब निघालं. दवाखान्यानं जीप पाठवली, जीपवर रंगवलेली खरी लाल फुली, आत खरे चाचा, माईकसमोर खरे खाकरणारे. आणि दोन दिवसांनी हेच चाचा भोरच्या कोर्टाच्या आवारात, भिजलेली टोपी हातात पिळत, माझ्यासमोर उभे राहिले.

"वकीलसाहेब, माझा आवाज मेला."

"म्हणजे?"

"मी म्हणतो पाणी उकळून प्या, तर लोकं हसत्यात. म्हणत्यात, चाचा, आता कुणाला निवडून आणायचं? वरची आळी म्हणती, येकदा फसलो, आता न्हाई. अन् सरपंचाची माणसं तर डोळे मारत्यात मला. आपलीच गाडी हाय म्हणत्यात, आपलाच डाव! कळशी वर करून माझ्याम्होरं पाणी पित्यात, वकीलसाहेब. सलाईन लावायची पाळी त्यांच्यापास्नंच सुरू झाली."

हे ऐकून मी कोर्टाच्या पायरीवरच बसलो. वरच्या आळीनं रागानं विश्वास ठेवला नाही, ते समजू शकतो. पण ज्यांना आधीची फसवणूक माहीत होती, जी त्यांनीच केली होती, तीच माणसं सगळ्यात आधी आजारी पडत होती. कारण लाल फुली म्हणजे लबाडी, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठमोठ्या पंडितांना हे वाक्य सुचलं असतं तर त्यांनी चौकटीत छापलं असतं!

चाचांच्या बरोबर जीपमध्ये बसून मी गावात पोचलो. मारुतीच्या देवळात सगळे जमले होते. एका बाजूला वरची आळी, एका बाजूला सरपंचाची माणसं, खांबाशी बायका, त्यांत आत्या. मी कोटासकट उभा राहिलो. गुलालाचा डाग पुढं होता, मी मुद्दाम तो कोट घातला होता.

"सरपंच," मी म्हणालो, "एका देशानं दुसऱ्याशी असा दगा केला तर कायदा त्याला तीन गोष्टी करायला लावतो. आधी कबूल करायचं. मग परत करणार नाही म्हणून जाहीर सांगायचं. आणि नुकसान भरून द्यायचं. मला बाकी काही नको, पहिली गोष्ट करा. माईक घ्या आणि सांगा की मागची रिक्षा खोटी होती, आजची जीप खरी आहे. तुम्ही सांगितलंत तरच लोक पाणी ओततील."

"कबूल करायला मी काय केलंय?" सरपंच म्हणाला.

"रिक्षा कुणाची होती?"

"नसरापूरची."

"कुणी आणली?"

"कुणीतरी."

"आवाज?"

"चाचाचा."

चाचा ताडकन उठले. "माझा आवाज, पण तोंड कुणाचं हुतं?"

"बसा, चाचा," सरपंच त्यांच्या खांद्यावर हात टाकायला गेला, चाचांनी खांदा काढून घेतला.

"आणि कापड?" मी विचारलं. "ते लाल फुलीचं कापड?"

"आता कापडाचं मला काय ठावं? कापडावर का नाव लिव्हलंय?"

देवळात हशा पिकला. सगळ्यांच्या देखत तो सुटत होता. कायद्याला हाच रोग आहे. काम सगळ्यांनी बघितलेलं असतं, आणि करणारा मात्र 'कुणीतरी' असतो.  बोलण्याची फी घेणारा मी, कोटाच्या खिशात हात घालून नसलेला पुरावा शोधत होतो.

"कापड म्या शिवलं," खांबाशी कुणीतरी म्हणालं.

ती आत्या होती. ती बायकांतून बाहेर आली. आधी माझ्याकडं बघितलं, मग मारुतीकडं, मग सरपंचाकडं.

"ह्यांनीच दिलं शिवाय. पांढरं पण ह्यांचं, लाल पण ह्यांचं. दवाखान्याचं न्हाई हे मला कळलं हुतं. म्या इचारलं न्हाई. इचारलं असतं तर शिवता आलं नसतं, म्हणून इचारलं न्हाई. निवडून यायचं हुतं मला."

"वहिनी, खाली बसा," सरपंच हळूच म्हणाला. "सदस्य हायसा तुमी."

"म्हणून तर हुबी ऱ्हायलीय."

ती देवळाच्या पायऱ्या उतरून जीपकडं चालू लागली. चाचांनी धावत जाऊन माईक तिच्या हातात दिला. तिनं तो तोंडापासून हातभर लांब धरला आणि बोलायला लागली, कुणाला काही ऐकूच येईना. "जवळ घ्या, ताई, जवळ," चाचा ओरडले. मग एकदम गावभर तिचा आवाज गेला, शिलाई मशीनसारखा अडखळत आणि मग धडधडत.

"आया-बायांनो, मागची रिक्षा खोटी हुती. तिचं कापड म्या शिवलं, माझ्या घरी. निवडणुकीत तुमास्नी फसवलं आमी. ही जीप खरी हाय. हिरीचं पाणी खराब हाय. म्या माझ्या घरचं पाणी आता ओतती, बघाय या."

आणि ती माईक चाचांच्या हातात देऊन सरळ घरी गेली. आम्ही मागं. ओसरीवरचा हंडा तिनं उचलला आणि गल्लीत उपडा केला. मग कळशी. मग माठ.  वरच्या आळीतला तो म्हातारा काठी टेकत पुढं आला, गल्लीतून वाहणाऱ्या पाण्याकडं बघत राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "ही बाई आपल्याच पॅनेलचं वाटुळं कराय लागली, म्हणजे पाण्यात कायतर हाय!" तो घराकडं वळला. थोड्या वेळानं वरच्या आळीतून हंडे उपडे केल्याचा आवाज यायला लागला. नंतर खालच्या, सरपंचाच्या आळीतूनही. चाचा जीपच्या टपावर हात आपटत रडत होते आणि हसत होते, दोन्ही.

माझ्या प्रबंधातला एक नियम बहुधा भूतलावर पहिल्यांदाच अमलात आला, तो असा. एका बाईनं पाणी ओतून.

साथ आटोक्यात आली. सलाईन लावलेली सगळी माणसं घरी परतली. आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. थांबा, माझा संताप अजून संपलेला नाही. सरपंचाचं काय झालं? काहीही नाही! उलट पुढच्या महिन्यात देवळासमोर फलक लागला, ग्रामपंचायतीच्या तत्परतेमुळे साथ आटोक्यात, खाली हात जोडलेला त्याचा फोटो. त्याचा सत्कारही झाला. चाचांनी त्या सत्काराला सेट द्यायला नकार दिला, मग नसरापूरहून मागवला. तो माणूस आजही पुढारी आहे, आजही लोकांच्या खांद्यावर हात टाकतो. आणि आत्याला? तिला पॅनेलनं पुन्हा कधी विचारलं नाही. सरपंचाच्या आळीतल्या बायकांनी पोलकी शिवायला मार्गासनीला न्यायला सुरुवात केली. खरं बोलल्याचा दंड तिला भरावा लागला आणि खोटं बोलल्याचा हार त्याच्या गळ्यात पडला. हे कुठल्या जिनिव्हात बसतं, मला कुणी सांगावं!

आता भोरात प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. जुनी दंगल आजची म्हणून येते, भलत्याच गावचा पूर आपल्या गावचा म्हणून येतो. बार रूममधले तरुण वकील मला ते दाखवतात आणि विचारतात, "सर, ह्याला काय म्हणतात?" मी म्हणतो, मागच्या सालची कॅसेट. त्यांना काही कळत नाही. मग मी ही गोष्ट सांगतो, हातवारे करून, चाचांसारखं दोनदा खाकरून. आणि प्रत्येक वेळी कोटावर गुलाल पडतो तिथं मला खराखुरा राग येतो, नाटकातला नव्हे.

साथ ओसरल्यावर मी आत्याकडं गेलो होतो. म्हटलं, "ते कापड परत तुझ्याकडंच आलंय ना, दे मला. सरपंचावर तक्रार करतो, वरपर्यंत नेतो. पुरावा आहे तो."

तिनं मशीनवरून मान वर केली आणि चुलीशेजारच्या हंड्याकडं बोट केलं. हंड्याच्या तोंडावर पांढरं कापड ताणून बांधलेलं होतं. लाल फुली तिनं उसवून काढली होती. जिथं शिलाई होती तिथं बारीक भोकांची रांग तेवढी दिसत होती.

"त्यानं पाणी गाळतीय मी," ती म्हणाली. "पुरावा कशाला? माझ्या तोंडानं साऱ्या गावानं ऐकलंय. आधी सुईत दोरा ओवून दे."